रविवारी शोधनिबंधांचे स्कॅनिंग

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता गंगापूर रोडच्या आपल्या अभ्यासिकेत गोदाकाठाविषयीचे जुने शोधनिबंध स्कॅन करायचे आहेत. घरी असतील ते प्रबंध, टिपणे जरूर आणा.

• स्कॅन ३०० डीपीआयवरच (इंचाला ३०० ठिपके) करा. नुसत्या चित्राच्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, म्हणून टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) मजकूर काढायचा आहे. पान पुसट आले की हे सॉफ्टवेअर ‘घाट’चे ‘धाट’ करते आणि रामघाटावरचा अख्खा निबंध शोधात सापडत नाही. म्हणून प्रत्येक पान मूळ कागदाशी ताडून पाहा. वेळ लागला तरी चालेल.
• फाइलच्या नावात लेखक, वर्ष, विषय हवा.
• लेखकाची लेखी परवानगी आणा.
• गंजलेल्या टाचण्या हळू काढा, जुन्या कागदाच्या कडा पापडासारख्या मोडतात.

लॅपटॉप असलेल्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.

– सचिव