रोप लावायचे तर सीताअशोकाचेच

मा. संपादक,

पावसाळा आला की खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात वृक्षारोपण होते आणि ‘अशोक’ म्हणून सर्रास आसोपालवाची उंच, सरळसोट रोपे लावली जातात. पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलात ओढ्याकाठी वाढणारा खरा अशोक, म्हणजे सीताअशोक, मात्र धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ ठरला आहे. औषधासाठी त्याची साल खोडाभोवती पूर्ण वेढा घेऊन सोलतात. मग पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि उभे झाड वाळते. वाईट म्हणजे, बाजारात या सालीत आसोपालवाची भेसळही होते.

ओळख अवघड नाही. सीताअशोकाचे पान संयुक्त, म्हणजे एकाच देठावर पर्णिकांच्या (छोट्या पानांच्या) साधारण ४ ते ६ जोड्यांचे असते. कोवळी पालवी तांबूस, लोंबती. फुले केशरी, पुढे लाल होणारी, कधी थेट खोडावरही येतात. आसोपालवाचे पान साधे, नागमोडी कडेचे, फुले हिरवट.

रोपवाटिकेत खरी चूक बियाण्यात होते. शेंगा काळपट झाल्या की बी काढून रात्रभर पाण्यात भिजवावे आणि लगेच पेरावे. सुकवून डब्यात ठेवलेले बी फार लवकर मरते. बी आडवे, जेमतेम मातीआड ठेवावे. रोपांना सावली आणि ओल हवीच. उघड्या माळावर ती करपतात. वर्षभराचे रोप जूनच्या पावसात ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत लावावे आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे.

पंचायतींनी रोपे घेताना पान पाहूनच पैसे द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)