तळ्याकाठचा तंबू पाण्यापासून दूरच हवा

महोदय,

जुलै ते सप्टेंबर या काळात भुसावळहून उत्तरेकडची गाडी पकडून हिमालयात पदभ्रमणाला जाणाऱ्या खान्देशी तरुणांची संख्या वाढते आहे, याचा मनापासून आनंद वाटतो. सोनमर्गहून निघून विशनसर, कृष्णसर, गडसर, सातसर आणि गंगाबल ही तळी पाहत नारानागला उतरणारी काश्मीरमधील वाट असो किंवा हिमाचल प्रदेशातील स्पितीतले चंद्रताल हे तळे, या उंचावरच्या पाण्याचे वेड लागावे यात नवल नाही. परंतु छायाचित्रात तंबूचे प्रतिबिंब यावे म्हणून मुक्काम अगदी काठावर करण्याचा जो हट्ट दिसतो, त्याविषयी आपल्या पत्रातून काही लिहावेसे वाटते.

ही तळी आपल्या गिरणा किंवा हतनूर धरणांसारखी नाहीत. पूर्वी हिमनद्यांनी खडक कोरून केलेल्या खोलगट जागांत साठलेले हे बर्फाचे पाणी वर्षातील कित्येक महिने गोठलेले असते. पाण्यात पोषक द्रव्ये जवळजवळ नसतात, म्हणूनच ते इतके नितळ दिसते. भांड्यांतून वाहून गेलेले अन्न, साबणाचा फेस आणि काठालगत केलेली शौचाची घाण यांतून नेमकी तीच द्रव्ये तळ्यात उतरतात आणि शेवाळाला खाद्य मिळते. काठावर माती थोडी आणि हवा थंड, त्यामुळे तिथे घाण कुजायला फार काळ लागतो. वेष्टनावर ‘विघटनशील’ असे छापलेला साबणदेखील मातीत मुरला तरच विघटित होतो, तो थेट पाण्यात वापरण्यासाठी नसतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

म्हणून तंबू, भांडी धुण्याची जागा आणि शौचाचा खड्डा, तिन्ही पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी पावले दूर असावेत, खड्डा १५ ते २० सेंटीमीटर खोल असावा आणि वापरलेले कागद व सॅनिटरी पॅड पिशवीत बांधून परत आणावेत, असा संकेत जाणकार पदभ्रमणकार पाळतात. यात मुक्काम करणाऱ्याचाही फायदाच आहे, कारण रात्री थंड हवा खोलगट भागात साचते आणि काठावरचा तंबू पहाटे दवाने आतून ओला होतो. पिण्याचे पाणी मात्र कितीही स्वच्छ दिसले तरी उकळूनच घ्यावे, कारण वरच्या कुरणांत बकरवाल आणि गद्दी मेंढपाळांचे कळप चरत असतात; ४,२०० मीटरच्या आसपास पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे ते तीन मिनिटे तरी उकळत ठेवावे.

हे संकेत पाळले गेले नाहीत म्हणजे बंदी येते. २००५ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेल्या चंद्रतालच्या काठावर आता मुक्कामाला परवानगी नाही, तंबू काही अंतरावर लावावे लागतात. उत्तराखंडमध्ये उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांतील, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांतील, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली.

केवळ माहिती असून भागत नाही, असे माझे मत आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे. तिथून निघालेला माणूस काही दिवसांत चार हजार मीटरवर पोहोचला की डोके दुखते, भूक मरते, चार पावलांत धाप लागते. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे सांगितले जाते ते यासाठीच. अशा अवस्थेत, मध्यरात्री, गोठवणाऱ्या वाऱ्यात ऐंशी पावले दूर जायला अंगवळणी पडलेली सवयच लागते. ती सवय निघण्याआधी लागलेली असावी.

ती लावून घेण्यास आपल्याकडे तोरणमाळसारखी जागा आहे. सातपुड्यातील या पठारावर, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, यशवंत तलाव आहे. हिमालयातील तळ्यांशी त्याची बरोबरी नाही, पण थंडीतील मुक्कामासाठी तो उत्तम आहे. हिवाळ्यात तिथे सहली येतात, काठालगत भरीत पार्टीची चूल पेटते आणि राख व पत्रावळी तिथेच मागे राहतात. पठारावरील भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या शेजारचे हे पाणी आहे, याचे भान पाहुण्यांना असायला हवे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. वन विभाग आणि स्थानिक ग्रामपंचायत यांनी यशवंत तलावापासून पुरेशा अंतरावर तंबूंची जागा निश्चित करून तिथे शौचालय, चुलीचा ओटा आणि मराठीसह स्थानिक बोलीत फलक ही सोय करावी. त्यातून पठारावरील तरुणांना देखरेखीचे काम मिळू शकेल. हिमालयात गट नेणाऱ्या खान्देशातील महाविद्यालयांनी आणि हौशी मंडळांनी प्रत्येक नव्या सदस्याला आधी इथे दोन रात्री राहायला लावावे, त्याच्याकडून खड्डा खणून घ्यावा, भांडी दूर नेऊन धुवायला लावावीत, कचरा पाठीवर परत आणायला लावावा आणि मगच त्याचे नाव पुढच्या यादीत घ्यावे. येत्या हिवाळ्यापासून हे सुरू करणे सहज शक्य आहे.

आपला,
एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)