नराचे एक्स गुणसूत्र दाखवणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

ड्रॉसोफिलाच्या, म्हणजे फळमाशीच्या, मादीत एक्स गुणसूत्रे दोन आणि नरात एकच, मग त्यावरील जनुकांचे उत्पादन नराला निम्मे का पडत नाही, हा प्रश्न तुम्ही मला दांडिया बाजारातल्या तुमच्या घरी विचारलात आणि उत्तर सांगण्याऐवजी सूक्ष्मदर्शक पुढे सरकवलात. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाची दिशा तिथेच ठरली. तुमच्याकडे शिकून बडोद्याबाहेर गेलेल्या सर्वांना वाचता यावे, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

बाटलीच्या काचेवर चढून आलेली पूर्ण वाढीची अळी घ्यायची, मागच्या भागातील चरबीत पारदर्शक लंबगोल ठिपका दिसला तर ती नर समजायची, सलाईनच्या थेंबात एका सुईने शरीर धरून दुसरीने तोंडाचे काळे आकडे हलकेच ओढायचे, की लाळग्रंथींची जोडी बाहेर येते. मग चिकटलेली चरबी सोडवायची, ऑर्सीनचा रंग द्यायचा आणि वरची काच सरकू न देता अंगठ्याने सरळ दाबायची. दाब किती द्यायचा हे वाचून कळत नाही. ते तुम्ही माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून शिकवलेत.

लाळग्रंथींच्या पेशींतील गडद पट्ट्यांची ती गुणसूत्रे पाहूनच मी हरखले होते, पण तुम्ही नराच्या एक्सकडे लक्ष वेधलेत. बाकीची जोडीने चिकटलेली, हे एकटे. तरी रुंदीला जवळजवळ त्यांच्याइतके आणि रंगाने फिकट, जणू विणकाम सैल पडले आहे. तेथून तुम्ही १९६५ सालच्या प्रयोगाकडे वळलात. ए. एस. मुखर्जी आणि वोल्फगांग बीरमान यांनी किरणोत्सारी युरिडीन (आरएनएचा एक घटक) वापरून नव्याने बनणाऱ्या आरएनएचा माग घेतला, तेव्हा नराचे एकटे एक्स मादीच्या दोन एक्सच्या तोडीचे काम करत असल्याचे दिसले. हे घडवणारा एमएसएल हा प्रथिने आणि आरएनए यांचा संच नरातच तयार होतो, एक्सवर ठिकठिकाणी बसतो, आणि त्यातील मॉफ हे प्रथिन हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, ॲसिटिल गट चढवून डीएनएची घडी सैल करते. हा संच नसेल तर नर जगत नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते यानंतरचे. ड्रॉसोफिला मिरांडा या जातीत सुमारे १० लाख वर्षांपूर्वी एक साधे गुणसूत्र नराच्या वाय गुणसूत्राला जोडले गेले आणि त्याचा जोडीदार नवे एक्स बनला. वायला जोडलेल्या प्रतीवरील जनुके एकेक करून निकामी होत गेली, तेव्हा नव्या एक्सलाही दुप्पट राबणे भाग पडले. पण एमएसएलला बसायला त्यावर जागा कुठे होत्या? एलिसन आणि बाख्ट्रोग यांनी २०१३ मध्ये दाखवले, की त्यातील बऱ्याच जागा उड्या मारणाऱ्या डीएनएने, म्हणजे ट्रान्सपोझॉनने, आणून दिल्या, आणि त्यातील १० अक्षरे गळाल्याने एमएसएलची पकड आणखी घट्ट झाली. टाकाऊ समजल्या जाणाऱ्या डीएनएने गुणसूत्रभर जनुकांचे नियमन बदलावे, हे तुम्ही तो शोधनिबंध माझ्याबरोबर ओळीने वाचलात म्हणून मला खरोखर उमगले. जीनोमच्या उत्क्रांतीविषयी याहून सुंदर उदाहरण मला अजून भेटलेले नाही.

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि ३० अंशांच्या आसपासच या माशीचे नर वांझ होऊ लागतात. सुटीत विभाग बंद असताना तुम्ही माझ्या बाटल्या स्वतःच्या वातानुकूलित खोलीत ठेवून घेतल्यात, आणि काकूंनी मक्याचे पीठ, अगार व यीस्टचे खाद्य आपल्या शेगडीवर शिजवू दिले, तो वास घरभर पसरत असूनही. त्यांचेही मी मनापासून आभार मानते.

प्रबंधाची प्रत सोबत पाठवत आहे. फळबाजारातून पकडलेल्या ड्रॉसोफिला अनानासी या जातीच्या नरातही एक्स तितकेच फिकट दिसते का, हे मला आता पाहायचे आहे. दिवाळीनंतर काचपट्ट्या घेऊन येईन; त्या तुम्ही आधी पाहाव्यात अशी विनंती आहे.

आपली विद्यार्थिनी,
बडोदे