‘पाणी कमी घाला’ म्हणणाऱ्या मॅडमना

आदरणीय आहारतज्ज्ञ मॅडम,
स. न. वि. वि.

तुमच्याकडे रोज कितीतरी पेशंट येतात, मी आठवेन की नाही माहीत नाही. सोलापूरचा, एसटीत कंडक्टर. २०२२ साली गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी होती, मग ती बंद केली. पिशवी गेली म्हणून आम्ही गल्लीत पेढे वाटले. आता सगळं पहिल्यासारखं होणार, असंच धरून चाललो होतो.

झालं भलतंच. दिवसातून पंधरा-सोळा वेळा संडास. तेही एकदा जाऊन मोकळं होत नसे. हात धुऊन बाहेर येतो न येतो तोच पुन्हा कळ, तासाभरात चार-चार खेपा. कळ आली की दोन मिनिटांचा दम निघत नसे. रात्री उशाशी बॅटरी घेऊन झोपायचो. पुतणीच्या साखरपुड्याला सगळे मांडवात बसलेले आणि मी मागच्या बाजूला, संडासाच्या दाराजवळ खुर्ची टाकून. ज्याची नोकरीच चालत्या गाडीत, त्याने काय करायचं, या विचाराने झोप उडायची.

नातेवाईक म्हणायचे, फळं खा, कोशिंबीर खा, मोड आलेली मटकी खा, अंगात ताकद येईल. मायेने म्हणायचे. मी खायचो आणि माझे हाल व्हायचे. शेवटी मी जेवणच तोडलं. कुठे जायचं असलं की आदल्या रात्रीपासून उपाशी. वजन सात किलोनं उतरलं.

अशा अवस्थेत मुंबईला तपासणीला आलो आणि डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही पहिल्याच वाक्यात विचारलंत, “काका, दिवसातून किती वेळा जाता? पातळ की घट्ट? कपडे खराब होतात का?” जेवलात का, असं विचारावं इतक्या सहज. शेजारी आमच्या सौ. बसलेल्या. माझी मान वर होईना. तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, “याला नाव आहे काका. लार्स म्हणतात. हे ऑपरेशन झालेल्या खूप जणांना होतं.” मग समजावून सांगितलंत, घरावर पाण्याची टाकी असते तसा गुदाशय. टाकी काढली, आता नळ थेट आहे. साठवायला जागा नाही, म्हणून थोडं आलं तरी लगेच कळ. यात तुमची काही चूक नाही.

या दुखण्याला नाव आहे, एवढं ऐकूनच मला रडू आलं. इतके महिने मला वाटत होतं, मीच कुठेतरी कमी पडतोय.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. ड्रॉवरमधून इसबगोल काढलंत. मी म्हणालो, मॅडम, हे तर पोट साफ व्हायला घेतात, माझं तर थांबतच नाही. तुम्ही काही न बोलता एक चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात टाकलंत आणि एक चमचा अर्ध्या कपात. पुढची माहिती लिहून घेईपर्यंत दहा मिनिटं गेली. ग्लासातलं पातळच राहिलं. कपातलं खळीसारखं घट्ट झालं, कप तिरका केला तरी जागचं हलेना. “पोटात हेच करायचंय,” म्हणालात. “पाणी कमी घाला, जेवणानंतर घ्या, लगेच वर पाणी पिऊ नका. दिवसभराचं पाणी मधल्या वेळात प्या.” त्या कपाकडे बघताना पहिल्यांदा वाटलं की हे आपल्या हातात येऊ शकतं.

उपास तुम्ही बंद करायला लावलात. रिकाम्या पोटी गॅसच जास्त होतो म्हणालात. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं-थोडं, रात्रीचं जेवण दिवेलागणीला. मऊ भात, मुगाचं वरण, केळं, साल काढून शिजवलेलं सफरचंद, दुधी. दूध बंद, जिऱ्याचं ताक चालू. सकाळचा उपाशीपोटीचा कडक चहा सोडायला मला सर्वांत जड गेलं. डॉक्टरांनी दिलेली जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळीही मी कधीही घ्यायचो, ती त्यांना विचारून जेवणाआधी अर्धा तास घ्यायची वेळ तुम्हीच लावून दिलीत. (हे वाचणाऱ्या कोणी माझं बघून गोळी किंवा इसबगोल सुरू करू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, प्रत्येकाचं पोट वेगळं.)

आणि वही. काय खाल्लं, किती वाजता, नंतर काय झालं. मला वाटलं, एवढं लिहून काय होणार? पण तिकिटांचा हिशोब रोज लिहिणारा माणूस मी, लिहीत गेलो. तीन आठवड्यांनी तुम्ही फोनवर वही वाचून घेतलीत आणि मध्येच थांबवलंत. “काका, हे च्युइंगगम कुठलं?” तंबाखू सुटल्यापासून मी दिवसभर शुगर-फ्री च्युइंगगम चघळायचो. त्यात साखरेऐवजी घातलेल्या सॉर्बिटॉलने शौचाला पातळ होतं, आणि चघळताना हवाही पोटात जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते बंद केलं आणि आठवड्याभरात दिवसाच्या चार खेपा कमी झाल्या. औषध नाही, पथ्य नाही, फक्त ते च्युइंगगम.

तुम्ही मला वर्ज्य पदार्थांची यादी दिली नाहीत, याचे आभार मला सर्वांत जास्त मानायचे आहेत. यादी दिली असती तर मी जन्मभर भात-वरणावर बसलो असतो. एका वेळी एकच नवा पदार्थ, तीन दिवस बघायचं, वहीत लिहायचं. असं करत ज्वारीची भाकरी परत आली. मटकी अजून जमत नाही, हिरवी मिरची तर नाहीच. भाकरी ताटात आली त्या दिवशी आमच्या सौ. स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

आता दिवसाला चार-पाच वेळा. एखादा दिवस वाईट जातो, वही उघडली की बहुतेक वेळा कारण सापडतं. मार्चपासून सोलापूर-पंढरपूर गाडीवर पुन्हा ड्यूटी करतोय. पिशवीत एक जादा पँट असते, तीन महिन्यांत तिची घडी मोडलेली नाही.

पुढच्या तपासणीला येताना चौथी वही आणतो. सौ. तुमच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी देणार आहेत. चटणी घरच्यासारखी झणझणीत करायला सांगितली आहे.

आपला,
सोलापूरचा कंडक्टर काका