पेल्यातून आमटी वाढल्याबद्दल

वहिनी, दादा, आणि तुमच्याकडं वाढायला असतो तो पोरगा,

तिघांनाही मनापासून नमस्कार.

माझं नाव सांगून तुम्हाला काही उमगायचं नाही, पण आई सांगितली की लगेच ओळखाल. गणपती बोळवून झाल्यावरचा पावसाळी रविवार, कणकुंबीकडून परत निघालेली आमची गाडी, आणि इरकल नेसलेली, उजवा हात थरथरणारी म्हातारी. दादा, तुम्ही तिला पायरी चढवलीत. खरं तर तुम्ही तिचा हात धरला नाही, आपला हात नुसता पुढं केलात आणि तिनं तो धरला. यातला फरक आजारी माणसाला घेऊन फिरणाऱ्यांना बरोबर कळतो.

तुमच्या जागेचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. खाली जेवणघर, वर मुक्कामाच्या मोजक्या खोल्या, मागं काजूची झाडं, एवढंच सांगते. नाव टाकलं तर चोर्ला घाटातून गोव्याला पळणाऱ्या सगळ्या गाड्या तुमच्या दारात लागतील आणि वहिनींना भाकऱ्या थापताना मान वर करायला फुरसत मिळणार नाही. स्वार्थ म्हणा हवं तर.

आईला कंपवात, म्हणजे पार्किन्सन, आहे. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात, मग हात थरथरतो, अंग आखडतं, शर्टाचं बटण लावणंसुद्धा डोंगर होऊन बसतं. वास येणं तर तिचं कधीच गेलं. लेव्होडोपाची गोळी घेतली की थोड्या वेळानं हातपाय मोकळे होतात आणि पुढचे तास-दोन तास तिचे असतात. गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी पोटात जायला हवी, कारण डाळी-दूध-मांसातली प्रथिनं तिच्या आड येतात. म्हणजे आम्हाला बाहेर जेवायचं तर गोळी आणि ताट यांची वेळ जुळावी लागते. ताट उशिरा आलं, तर ऐन घासाला हात परत आखडायला लागतो.

आणि ही बाई कोण, तर बेळगावच्या शहापुरात लग्नसराईत जिच्याकडं मांड्यांसाठी आधीपासून नंबर लावावे लागत. आपले बेळगावी मांडे, आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा. मऊसूत गोळा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तो फाटायच्या आत पालथ्या भांड्यावर टाकायचा. आसपासच्या बायका बघायला येऊन उभ्या राहत. पंगतीत कुणाच्या पानात काय संपलंय हे तिला स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचं. लोकांना खाऊ घालण्यातच जिचा जन्म गेला, तिला चारचौघांत स्वतःचा घास तोंडाशी नेताना लाज वाटायला लागली, हे आम्ही घरातली माणसं गेली काही वर्षं बघतोय.

ही लाज आपोआप आलेली नाही. ती तिला दिली गेली.

शहरातल्या एका नावाजलेल्या हॉटेलात भाच्याचा वाढदिवस होता. आईच्या चमच्यातलं सूप टेबलक्लॉथवर सांडलं. मॅनेजर आला, अगदी अदबीनं वाकला, आणि माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, त्या पार्टिशनमागं एक टेबल आहे, आज्जींना तिथं जास्त कम्फर्टेबल वाटेल." आईचे कान शाबूत आहेत, तिनं ऐकलं. हायवेवरच्या दुसऱ्या एका चकचकीत ठिकाणी पोरानं गरम सूपमध्ये स्ट्रॉ खोचून दिला आणि आपण फार माणुसकी दाखवली अशा चेहऱ्यानं उभा राहिला. तिसरीकडं तिचं जेवण चालू असतानाच फडकं फिरायला लागलं, कारण दारात लोक वाट बघत होते. नातेवाइकांचं तर विचारूच नका. लग्नात हल्ली बुफे. प्लेट एका हातात, चमचा दुसऱ्यात आणि उभ्यानं जेवा. जिनं त्यांच्या घरच्या चार-चार लग्नांचे मांडे केले, तिला एक खुर्ची आणि समोर एक स्टूल द्यायचं कुणाला सुचलं नाही.

त्या हॉटेलांतल्या पोरांना मी फारसा दोष देत नाही. बारा-बारा तास उभं राहायचं आणि टेबल रिकामं झालं नाही की वरून शिव्या खायच्या. डोळे असतात त्यांना, पण ते वापरायची परवानगी नसते. मॅनेजरला मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

तेव्हापासून आईनं बाहेर जेवणं सोडलं होतं. कुठंही निघालो की तिचा दहीभाताचा डबा बरोबर. आम्ही हॉटेलात, ती गाडीत. काच वर करून, पदर पुढं ओढून, रस्त्याकडं पाठ करून जेवायची. आम्ही आत बसून काय गिळत होतो ते आमचं आम्हाला ठाऊक.

त्या रविवारीही तसंच ठरलं होतं. कणकुंबीला माउलीचं दर्शन घ्यायचं, मलप्रभा जिथं उगम पावते ते ठिकाण बघायचं आणि परत. पुढं कूडलसंगमाला कृष्णेला मिळणारी ती एवढी मोठी नदी इथं एवढीशी कशी, हे बघायची आईची जुनी हौस. दर्शन झालं आणि धो-धो पाऊस लागला. तुमच्याकडं थांबलो ते भुकेपेक्षा पुढचं काही दिसेना म्हणून. आई म्हणाली, मी बसते गाडीत.

वहिनी, तुम्ही छत्री घेऊन बाहेर आलात. काचेवर टकटक केलंत. "आज्जी, हिकडं गारठ्यात का बसलाय? आत चूल पेटलीया, या की ऊबंला." जेवायला या असं म्हणालाच नाहीत. म्हणाला असतात तर ती आली नसती.

आत आल्यावर मी हळूच गोळीचं सांगितलं आणि अर्धा तास थांबावं लागेल म्हणाले. मला सवय झालेली आहे अशा वेळी समोरच्याचं तोंड कसं होतं ते बघायची. तुम्ही एवढंच म्हणालात, "घ्या की. तुमची गोळी होऊ दे, मग मी पीठ मळायला घेते." आणि खरोखर तुम्ही तशाच थांबलात. दुसऱ्या टेबलांची ताटं जात होती, आमच्या भाकऱ्यांचं पीठ परातीत कोरडं होतं.

आता मूळ गोष्ट. त्या पोराची.

पानं वाढली. तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी, लाल तांदळाचा भात आणि उथळ वाटीत कुळथाची आमटी. आईनं चमचा उचलला, आमटी सांडली. थोडी ताटात, थोडी पदरावर. मी सवयीनं रुमाल काढला. तो पोरगा पाण्याचा जग घेऊन जवळच उभा होता. त्यानं बघितलं आणि आत गेला. झालं, मला वाटलं, आता स्ट्रॉ येणार.

तो आला तो मोठं ताट भरून स्टीलचे पेले घेऊन. जाड बुडाचे, बुटके, जुन्या घरांत असायचे तसले. आणि त्यानं काय केलं, तर आमच्या सगळ्यांच्या पानातल्या वाट्या उचलल्या. आईच्या एकटीची नव्हे. माझी, नवऱ्याची, मुलांची, सगळ्यांची. सगळ्यांपुढं पेले ठेवले आणि प्रत्येकात अर्धीच आमटी ओतली. माझ्या मुलीनं विचारलं, असं का? तर चेहरा न हलवता म्हणाला, "पावसाळ्यात आमच्याकडं असंच पितात, अक्का."

साफ खोटं. शेजारच्या टेबलावर वाट्याच होत्या.

मग आईचं पसरट ताट गेलं आणि उंच काठाची पितळी आली. तिच्या खाली त्यानं ओलं फडकं घडी करून घातलं, म्हणजे सरकू नये. उंच काठ असला की भात त्याला टेकवून चमच्यात घेता येतो. पुढं आमच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंना हे सांगितलं तर त्या बघतच राहिल्या. जड भांडं, उभा काठ, न सरकणारं बूड, पेला अर्धाच भरायचा, हेच सगळं त्या आम्हाला शिकवणार होत्या. त्या पोराला हे कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

पेला अर्धा भरला की परत परत भरावा लागतो. तो परत परत आला. आईपुढं वाकायचा, ओतायचा, मग माझ्याही पेल्यात ओतायचा, मला नको असली तरी. तिच्या एकटीच्या खेपा वाटू नयेत म्हणून. आईनं दोन्ही हातांनी पेला धरला, तोंडाला लावला आणि भुरका मारला. मोठ्यानं. आमच्याकडं भुरक्याला मुलं हसतात, पण त्या दिवशी मुलांनीही मारला. मधेच तो तिला कन्नडमध्ये म्हणाला, "निधान, अज्जी," म्हणजे सावकाश. तीही त्याला शहापुरी कन्नडमध्ये काहीबाही बोलली, आणि दोघं हसली. मी तिला परक्या माणसाशी जेवताना बोलताना किती दिवसांनी बघत होते!

आमच्या या भागाचं एक बरं आहे. वरच्या लोकांची सीमेवरून, दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड आहे की नाही यावरून रोज जुंपलेली असते, आणि खाली चुलीपाशी कोण कुठल्या भाषेत 'आणखी वाढू?' विचारतंय याचा कुणाला पत्ताही नसतो. मी दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना म्हणेन, भांडणाआधी एकदा तुमच्याकडं जेवून जावा. पण ते तुमच्या डोक्याला ताप होईल, त्यामुळं राहू दे.

तुम्हाला हे सगळं फार मोठं वाटत नसेल. वाटीऐवजी पेला दिला, त्यात काय, असं दादा म्हणतील. दादा, मदत करणारी माणसं मला भरपूर भेटली. बहुतेकांची मदत अशी की आईला आधी आजारी म्हणून उभं करायचं आणि मग तिच्यासाठी काहीतरी करायचं. हॉलभर सगळ्यांना कळतं की इथं मदत चालली आहे. तुमच्याकडं टेबलावरच्या कुणालाच काही झाल्यासारखं वाटलं नाही. उलट आम्ही बाकीचेच पेल्यानं आमटी पिताना जरा गोंधळलो होतो आणि ती सरावानं पीत होती. सज्जनपणा दिसू न देण्याची ही कला पैशांनी लावता येत नाही, नाहीतर त्या पार्टिशनवाल्या हॉटेलानं ती कधीच विकत घेऊन भिंतीवर लावली असती.

दहीभाताचा डबा संध्याकाळी घरी तसाच परत आला. आईनं तो स्वतः उघडला, वास घेतल्यासारखं केलं आणि मला म्हणाली, टाक, आंबला असेल.

घरी हा किस्सा इतक्या वेळा सांगून झालाय की आता मुलं पुढचं वाक्य आधीच म्हणतात. आईनं मात्र तुमची नुसती स्तुती केलेली नाही. हे पत्र लिहिते म्हटल्यावर तिनं निरोप दिलाय, तो जसाच्या तसा पोचवते. भाकरी बेस होती. चटणीला नाव ठेवायला जागा नाही. पण वहिनी, तुम्ही आमसूल कुळीथ शिजायच्या आधी घातलं होतं, त्यामुळं दाणा दडस राहिला. वास येत नसला तरी दाताला कळतं, म्हणाली. आमसूल कुळीथ पुरते शिजल्यावर घालायचं. नवरात्राच्या आधी एखाद्या रविवारी आम्ही येतोच आहोत. तेव्हा तिला चुलीपाशी एक पाट द्या, बाकीचं ती तुम्हाला समोर बसून सांगेल.

तुमची,
शहापूरच्या आज्जींची लेक