संज्याला, मुक्ताच्या रेडिओबद्दल

प्रिय संज्या,

आमच्या मुक्ताने मेरीलँड युनिव्हर्सिटीची कॉम्प्युटर सायन्सची सीट सोडली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीला चाललीये, कम्युनिकेशन्सला, आणि पुढे रेडिओतच काम करायचं म्हणते. कुठल्या ते तुला सांगायला नको. ९६.३, हॉवर्डचंच डब्ल्यूएचयूआर.

इथे कुणापाशी विषय काढला की पहिलं नोकरीचं काय, आणि मग आवाज खाली आणून, ते काळ्यांचं कॉलेज ना? मामी तेवढी खूश, कमला हॅरिसचं कॉलेज म्हणून नाशकात पेढे वाटून मोकळी. पण वॉशिंग्टनजवळच्या आपल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या खोलीत रात्री १० नंतर ते स्टेशन लावून बसणारा तूच होतास. हे लोक गाण्याआधी दोन वाक्यं बोलतात आणि अख्ख्या शहराला मांडीवर घेतात असं म्हणायचास, आणि मी म्हणायचो अरे बंद कर, सकाळी क्लायंटकडे जायचंय. तो गायक ल्यूथर व्हँड्रॉस रोज रात्री लागायलाच हवा होता हे मी आजही मान्य करणार नाही.

आता रोज जेवताना मुक्ता त्या स्टेशनचा इतिहास ऐकवते. वॉशिंग्टन पोस्टवाल्यांनी आपलं एफएम स्टेशन हॉवर्ड युनिव्हर्सिटीला देऊन टाकलं, १० डिसेंबर १९७१ ला डब्ल्यूएचयूआर सुरू झालं. कॅथी ह्यूजेस आधी जाहिराती विकायला आली आणि मग जनरल मॅनेजर झाली, कमाई अडीच लाख डॉलरवरून ३० लाखांवर नेली. पुढे १९८० मध्ये स्वतःचं स्टेशन घ्यायला निघाली तर म्हणे ३२ बँकांनी नकार दिला, घेतल्यावर पैसे नव्हते तर मुलाला घेऊन स्टेशनातच झोपायची. १९९९ ला तिची कंपनी शेअर बाजारात आली आणि आज हॉवर्डच्या कम्युनिकेशन्स स्कूललाच तिचं नाव आहे. मुक्ताचे डोळे चमकतात हे सांगताना. मला मात्र ते स्टेशनात झोपणंच दिसतं रे.

आणि आपला मेल्विन लिंडसी! आपण आलो तेव्हा तो जाऊन काही वर्षं झाली होती, १९९२ ला एड्सने गेला, अवघा ३६ चा. १९७६ मध्ये हॉवर्डचा साधा विद्यार्थी, एक अनाउन्सर आला नाही म्हणून कॅथीने त्याला बसवला, त्याने एकामागून एक संथ प्रेमाची गाणी लावली, आणि त्यातून क्वाएट स्टॉर्म हा रात्रीचा कार्यक्रम उभा राहिला. नाव स्मोकी रॉबिन्सनच्या गाण्यावरून. मग देशभरातल्या स्टेशनांनी तेच उचललं, आज ज्या प्रकारच्या रेडिओला अर्बन अडल्ट कंटेम्पररी म्हणतात, म्हणजे रॅप कमी, जुनं-नवं आर अँड बी हे काळ्या गायकांचं संगीत, पंचविशी ओलांडलेला ऐकणारा, त्यात त्या रात्रींचा मोठा वाटा आहे.

माझी काळजी इथेच अडकते. तो पोरगा आत शिरला कारण कुणीतरी आलं नाही. आता कोण येत नाही? सकाळी त्या विनोदवीर स्टीव्ह हार्वेचा एकच शो शहराशहरांत लागतो, कितीतरी स्टेशनांवर रात्री बोलणं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं, कॉम्प्युटर वाजवतो. जागाच रिकामी होत नाही, तर मग नवख्या मुलीला माइकसमोर बसवणार कोण? मुक्ताला हे विचारलं तर म्हणाली, बाबा, हे स्टेशन युनिव्हर्सिटीचं आहे, तरी जाहिराती विकून चालतं, विद्यार्थ्यांना तिथेच कामाला घेतात, असं दुसरं दाखव. मला दाखवता आलं नाही. सुजाता म्हणते जाऊ दे तिला. मला जाऊ द्यायचंच आहे, फक्त चार वर्षांनी ती हिरमुसून घरी यायला नको.

तू पुणे आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर होतास, अण्णांनी सीडॅकच्या कॉम्प्युटर कोर्सच्या रांगेत उभं केलं नसतं तर तिथेच राहिला असतास. आपण हे कधी धड बोललो नाही, एकदा मी काढलं तर तू ताट ठेवून उठलास. पण आता मला खरंच कळायला हवं. महिन्याला किती ड्यूट्या मिळायच्या, त्यात भागलं असतं का, आणि ते काम सुटल्यावर किती वर्षं त्रास झाला. मला नको सांगूस हवं तर, मुक्ताला सांग. ती रविवारी फोन करेल, तुमची संध्याकाळ. गोड गोड बोलू नकोस, लेका, आणि घाबरवूही नकोस.

माझी शुगर ठीक. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? ओंकारची दहावी ना यंदा, त्याला शुभेच्छा. नवा फ्लॅट कोथरूडलाच घेताय की बाणेरला, ते कळव.

तुझा,
अव्या