रिपोर्टवरचा ठळक आकडा

महोदय,

हल्ली कोल्हापुरात एखाद्या तरी पेठेत आरोग्य शिबिर चालूच असतं. शिवाय साठ-सत्तर तपासण्यांच्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती आहेतच. रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि उघडला की आधी नजरेत भरतात ते ठळक छापलेले आकडे आणि त्यांच्या शेजारचे ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) नाहीतर ‘एल’ (लो, म्हणजे कमी). मी नोकरीची सगळी वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. आता निवृत्त आहे, तरी गल्लीतली माणसं रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचे उतरलेले चेहरे पाहवत नाहीत, म्हणून हे पत्र.

नॉर्मल रेंज ठरते कशी, हे रिपोर्ट देताना कुणी सांगत नाही. बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात, तेवढी रेंज धरतात. उरलेले ५ टक्केही निरोगीच असतात, फक्त त्यांचा आकडा बाहेर पडतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास भरते.

परवा एक बाई तालमीत जाणाऱ्या मुलाला घेऊन आल्या. लिव्हरसाठी बघतात ते एसजीओटी वाढलेलं, किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन १.४, म्हणजे तेही चढं. “लिव्हर पण गेलं आणि किडनी पण, ताई,” म्हणून त्या रडायलाच लागल्या. मुलाला विचारलं, तर आदल्या संध्याकाळी दमछाक होईपर्यंत जोर-बैठका आणि रात्री मटणाचं ताट. एसजीओटी स्नायूंतही असतं, अंगमेहनतीनं वाढतं. क्रिएटिनिन तर स्नायूंतूनच तयार होतं आणि शिजवलेलं मटण खाल्ल्यावरही काही तास चढं राहतं. मी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी आठवडाभर व्यायाम आणि मटण दोन्ही बंद ठेवून पुन्हा रक्त द्यायला लावलं. दोन्ही आकडे रेंजमध्ये आले.

रक्त घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच दिवसभरात खालीवर होतं, म्हणून जरासं चढं असेल तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी परत तपासतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्टच चुकू शकतो. रक्त द्यायला जाल तेव्हा हे सांगायला हवं, आणि लॅबवाल्यांनीही विचारायला हवं.

पण “थोडंसंच आहे, सोडा” हेही मला पटत नाही. साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ११.८ आलं आणि घरच्यांनी मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून दिल्या, असं मी कितीदा पाहिलंय. त्या वयात पोटात, आतड्यात कुठे रक्त जात नाही ना, हे आधी बघावं लागतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. ती हद्द पुढच्या धोक्यावरून ठरवलेली आहे, तिला ‘किंचित’ म्हणून सोडून देता येत नाही. आणि क्रिएटिनिन काही वर्षांत ०.७ वरून १.१ वर गेलं, तर बहुतेक रिपोर्टवर एकही ठळक अक्षर उमटणार नाही, पण डॉक्टरांना ते दिसायलाच हवं. त्यासाठी जुना रिपोर्ट लागतो, आणि आपल्याकडे तो रद्दीत जातो.

म्हणून शहरातल्या लॅबचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. रेंजचा अर्थ रिपोर्टच्या शेवटी मराठीत चार ओळींत छापा, आणि त्याच माणसाचा मागचा आकडा तुमच्याकडे असेल तर तो नव्याच्या शेजारी द्या. शिबिरं भरवणाऱ्या तालीम मंडळांनी रिपोर्ट वाटून मोकळं होऊ नये. आठवड्याभरात एक संध्याकाळ डॉक्टरांना बोलवावं आणि ज्यांचे आकडे बाहेर आहेत त्यांना समोर बसवून समजावून सांगावं. अशा कामाला कुठलंही मंडळ बोलावेल तर मी स्वतः यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
मंगळवार पेठ, कोल्हापूर